फेरफाराची नोंद

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींची एक ठरलेली भाषा आहे. ‘सिंगल ओनर’, ‘डॉक्टरांची गाडी’, ‘लेडीज ड्रिव्हन’, ‘शोरूम कंडिशन’, ‘एक रुपयाचं काम नाही’. सगळ्यांचा मथितार्थ एकच, की या गाडीला फारसा कुणी हात लावलेला नाही. मॉडिफाइड गाडी विकायला निघाली की ही भाषा कामाची राहत नाही. तिला हात लावलेलाच असतो. मुद्दाम, हौसेने आणि चांगले पैसे मोजून. मग विकणाऱ्यापुढे दोन रस्ते उरतात. काय काय केलं ते सरळ सांगायचं, नाहीतर सगळं उतरवून, मूळ पार्ट परत चढवून ‘गाडी पूर्ण स्टॉक आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. दुसरा रस्ता बहुतेकांना सोपा वाटतो, कारण बाजार त्यालाच बक्षीस देतो.

मी अशी एक गाडी, फोक्सवॅगन पोलो, घेतली, मनसोक्त चालवली आणि विकलीही. घेताना काय बघायचं आणि विकताना काय सांगायचं, याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. अशा गाडीसाठी मी जे पैसे मोजते ते तिच्यात काय, कधी, कुणी आणि कशासाठी बदललं याच्या नोंदीसाठी. नोंद नसेल तर पार्ट कितीही महागाचे असोत, माझ्या लेखी त्यांची किंमत शून्य.

आपल्याकडे हा बाजार मुळात का उभा राहिला? वेगवान गाडी कारखान्यातूनच तयार होऊन यावी, तिला वॉरंटी असावी, शोरूममध्ये सर्व्हिस व्हावी, हे सुख भारतात नेहमी थेंबाथेंबाने आलं. होंडा सिटी व्हीटेक आणि फियाट पॅलिओ १.६ वर एका पिढीने हौस भागवली. त्याच काळात स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस आणली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएसची, म्हणजे साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरची. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये पोलो जीटीआय आणली तेव्हा आमच्यासारख्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. १९२ पीएस! पण तीन दारांची, परदेशातून तयार होऊन आलेली, २५ लाखांच्या पुढची, आणि अख्ख्या देशाला मिळून ९९. ऑक्टाव्हिया आरएस २४५ आली २०२० मध्ये, तीही फक्त २०० आणि ३६ लाखांच्या घरात. नोकरदार माणसाने यांच्याकडे रस्त्यात मान वळवून बघायचं, एवढंच.

दुसरीकडे करांच्या रचनेने वेगळाच खेळ केला. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, ही सवलत २००६ पासून आहे. तिच्यात बसायचं तर इंजिन लहान हवं, आणि लहान इंजिनातून ताकद काढायची तर टर्बो हवा. म्हणून २०२० मध्ये चाकणच्या कारखान्यातून पोलो १.० टीएसआय बाहेर पडली. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, पोलो भारतात बंदच झाली. चांगली गाडी बंद झाली की जुन्या बाजारात तिचे भाव खाली येत नाहीत, आणि पोलोचेही आले नाहीत.

या इंजिनाला हौशी लोक एवढे का चिकटले, त्याला तांत्रिक कारण आहे. टर्बो किती दाबाने हवा कोंबणार, पेट्रोल किती उडणार, ठिणगी नेमकी कधी पडणार, हे सगळं ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. कंपनी त्याच्यात गणित भरताना बरंच अंतर राखून ठेवते. कुठल्या पंपावर कसं पेट्रोल मिळेल, कोण सर्व्हिस वेळेवर करणार नाही, कोण मे महिन्यात चार माणसं आणि सामान भरून घाट चढेल, हे तिला धरून चालावं लागतं. एकाच घडणीचं एक लिटर इंजिन युरोपात ९५ पीएस, ११० पीएस आणि ११५ पीएस अशा निरनिराळ्या ताकदींत विकलं गेलं आहे. ती राखीव ताकद बाहेर काढायची म्हणजे ईसीयूमधलं गणित बदलायचं. त्यालाच रीमॅप म्हणतात. नुसतं सॉफ्टवेअर बदललं तर स्टेज वन. त्याबरोबर डाऊनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), इंटेक (हवा आत घेणारा भाग), इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) बदलले तर स्टेज टू. स्टेज वनला गाडी बाहेरून तशीच दिसते. बॉनेट उघडलं तरी काही कळत नाही. लॅपटॉप जोडून तासाभरात काम होतं आणि तेवढ्याच वेळात ते पुसताही येतं.

या पुसता येण्यातच सगळी मेख आहे.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघते. जॉब हातात आला की आधी त्याचा कागद मागायचा, मटेरियल कुठलं, हीट ट्रीटमेंट कुठे झाली, कुणी तपासलं, ही सवय अंगात मुरली आहे. गाडी शोधायला लागले तेव्हा आमच्या ओळखीचे अंबडचे एक जुने मिस्त्री सोबत यायला तयार झाले. त्यांची एकच अट होती. गाडी सकाळी लवकर, थंड इंजिनावर बघायची आणि मालकाला आधी चालू करायची नाही म्हणून सांगायचं.

पहिली गाडी पाहायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी नमस्काराच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट कोमट होतं. मालक मिस्त्रींशीच बोलत होता. गाडी मी घेणार, पैसे माझे, प्रश्न मी विचारत होते, आणि उत्तरं मात्र सगळी त्यांच्या तोंडाकडे बघून येत होती. बायकांनी गाडी बघायला जायचं म्हणजे हे गृहीतच धरावं लागतं, पण मला ते अजूनही मान्य नाही. गाडी पूर्ण स्टॉक असल्याचं त्याने दोनदा सांगितलं. मिस्त्री खाली वाकले, टॉर्च मारला आणि मला बोलावून पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट दाखवले. आजूबाजूला सगळीकडे धुळीचा आणि तेलाचा काळपट थर, आणि नेमक्या त्या बोल्टांच्या डोक्यांवर पाना फिरल्याच्या ताज्या चकचकीत कडा. जुन्या गाडीत स्प्रिंग मात्र नव्यासारख्या स्वच्छ. म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग काढून कंपनीच्या स्प्रिंग परत बसवलेल्या.

मग स्कॅनर लावला. एकही फॉल्ट कोड नाही. हे चांगलं लक्षण वाटतं, पण त्याच्या खालचं पान बघायचं असतं. गाडी स्वतःच्या प्रदूषण यंत्रणेच्या काही चाचण्या चालता चालता पूर्ण करत असते. कोड पुसले की त्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि पुरेसं चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. या गाडीतल्या जवळजवळ सगळ्या चाचण्या अपूर्ण होत्या. म्हणजे कोड नुकतेच पुसले होते. आणि ईसीयूत किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याची मोजणी बऱ्याच गाड्यांत शिल्लक राहते. तीही बोलकी होती. मी मालकाला एवढंच विचारलं, ‘रीमॅप कुठे केला होता?’ तो पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला स्टॉकच मिळतेय ना, मग काय फरक पडतो?’

फरक पडतो. जास्तीचा टॉर्क ज्या क्लचने सोसला तो क्लच सॉफ्टवेअर पुसल्याने नवा होत नाही. चुकीच्या गणितावर पिस्टनने जी ठोक खाल्ली ती कोड पुसल्याने भरून येत नाही. खाली बसवलेल्या गाडीचे बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर वेगळ्या तऱ्हेने झिजतात. त्या माणसाने गाडी मॉडिफाय केली याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. मी तर तशीच शोधत होते. ती लपवली म्हणून मला नको होती. तिथून निघताना मिस्त्रींनी गाडीबद्दल काही वाईट बोलायचं टाळलं. ‘इंजिन बरं होतं, ताई,’ एवढंच म्हणाले.

जी गाडी घेतली ती चिंचवडची, एमएच १४. मालक एका कंपनीत इंजिनिअर. घरात बाळ आलेलं, वडिलांचं म्हणणं मोठी गाडी घ्या. त्याने गाडीच्या आधी मला एक बॉक्स फाइल दिली आणि म्हणाला, ‘ताई, आधी हे वाचून घ्या. पटलं तर खाली जाऊ.’

ती फाइल म्हणजे त्या गाडीचा सातबारा होता. सर्व्हिसची सगळी बिलं, रीमॅप करणाऱ्या ट्यूनरची पावती, रीमॅपच्या आधीचा आणि नंतरचा डायनोचा (ताकद मोजण्याच्या यंत्राचा) आलेख, टायरचं बिल, अलाइनमेंटच्या चिठ्ठ्या. मूळ सॉफ्टवेअरची प्रत ट्यूनरकडे आहे आणि मागितली की परत टाकून मिळेल, याचा मेल छापून लावलेला. पण माझं लक्ष गेलं ते शेवटच्या वहीवजा पानांवर. त्याच्या हातचं बारीक, उजवीकडे झुकणारं अक्षर, निळं बॉलपेन. तारीख, किलोमीटर आणि एक-दोन ओळी. ‘तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलला क्लच किंचित घसरतोय. मॅप कमी करून घेतला.’ ‘पुढचं डावं व्हील खड्ड्यात वाकलं. ठोकून घेतलं नाही, नवीन घेतलं.’ ‘स्पीडब्रेकरला खाली घासली, सम्प बघितला, ठीक.’ ‘इंटेक बसवला. फक्त आवाज वाढला, ताकद नाही.’ एका नोंदीपुढे प्रश्नचिन्ह होतं: थंडीत सकाळी चालू केल्यावर येणारा टिकटिक आवाज. आणि त्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद: ‘हीट शील्डचा बोल्ट सैल होता.’

बिलं खोटी करता येतात, आलेखही छापता येतो. पण स्वतःच्या गाडीचे दोष तारीखवार लिहून ठेवायचे आणि मग तीच पानं गिऱ्हाइकापुढे ठेवायची, हे सोंग कुणाला जमणार नाही. त्या पानांवरच मी मनातून गाडी घेऊन टाकली होती.

तरी तपासणी सगळी केली. तीनही स्पार्क प्लग काढून पाहिले; टोकं बिस्किटी रंगाची, पांढरी पडलेली नाहीत की तेलाने काळवंडलेली नाहीत. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपचे जोड बोटाने चाचपले. तिथे तेलाचा हलका ओलावा चालतो, ओघळ चालत नाही. टायरच्या कडेवर छापलेला तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष वाचलं. क्लचची परीक्षा तर कुणालाही करता येते. मोकळा रस्ता बघून चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर यायचं आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. काटा वर धावला आणि गाडी मागे राहिली तर क्लच घसरतोय. ही घसरली नाही. मात्र क्लच अर्ध्याच्या पुढे वापरलेला आहे, हे मालकाने आधीच सांगितलं होतं आणि मिस्त्रींचाही अंदाज तोच निघाला.

किमतीची बोलणी लवकर आटोपली. रीमॅप, स्प्रिंग, टायर आणि बाकीच्या बारीकसारीक गोष्टी मिळून त्याने लाखाच्या पुढे घातले होते. मी विचारलं, यातलं काय धरू? तो म्हणाला, ‘ते काहीच धरू नका. ते पैसे मी गाडी चालवताना वसूल केलेत.’ त्याने साध्या पोलोचा बाजारभाव सांगितला, मी क्लचचे पैसे त्यातून वजा करायला सांगितले आणि त्याने केले. डिकीत एक खताची स्वच्छ धुतलेली गोणी होती. तिच्यात कंपनीच्या चार स्प्रिंग, मूळ एअर बॉक्स, व्हीलचे बोल्ट, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मार्करने नाव लिहून. मूळ पार्ट सोबत येत नसतील तर मॉडिफाइड गाडी घेऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगते. कधी ना कधी परतीचा रस्ता लागतोच.

तो लागण्याचं एक कारण कायद्यात आहे, आणि हौशी मंडळी ते ऐकून घ्यायला सहसा तयार नसतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की आरसीवरचे तपशील आणि कंपनीने मूळ ठरवलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात १८२अ हे कलम आलं. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सॉफ्टवेअर आरसीवर दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आला की न कळवलेला प्रत्येक बदल हा क्लेम नाकारायचं कारण होऊ शकतो. गाडी घेण्याआधी हे सगळं डोळे उघडे ठेवून समजून घ्यावं असं मला वाटतं. काही गोष्टी मी कायदा नसता तरी केल्या नसत्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी मी बघायलाही जात नाही; स्वतःच्या मजेसाठी मागच्या रिक्षावाल्याच्या आणि शाळेच्या पोरांच्या नाकात विष सोडायचा हक्क आपल्याला नाही. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचंही तेच.

गाडीने मला काय दिलं, ते सांगायला हवं. कसाऱ्याचा घाट नाशिककडे चढताना ट्रकांच्या रांगेतून एक फट दिसते, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की दोन हजार आरपीएमच्या आसपास पाठीला जो भक्कम, सलग धक्का बसतो, त्यासाठी हा सगळा खटाटोप. वेग फार नसतो. साठ-सत्तरच. पण हवी तेवढी ताकद हव्या त्या क्षणी हजर असते आणि ओव्हरटेक लांबत नाही. स्प्रिंग बदलल्यामुळे वळणात गाडी कलत नसे. आधीच्या मालकाने १९५/५५ च्या जागी २०५/५५ आर १६ टायर टाकले होते. त्याने चाकाचा व्यास सुमारे ११ मिलिमीटर वाढतो आणि स्पीडोमीटर व किलोमीटर दोन्ही पावणेदोन टक्क्यांनी कमी दाखवतात. हेही त्याच्या पानांत लिहिलेलं होतं. मी त्याच पानांखाली माझ्या नोंदी सुरू केल्या. क्लच बदलला तेव्हाची, थेट इंजेक्शनमुळे व्हॉल्व्हवर साठलेला कार्बन साफ केला तेव्हाची, पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा मायलेज किती घसरलं त्याची. दोन हस्ताक्षरांची फाइल झाली.

विकायची वेळ आली ती आईच्या गुडघ्यांमुळे. आधीच बसक्या असलेल्या आणि वर स्प्रिंगांनी आणखी खाली आलेल्या गाडीत शिरायचं आणि उठायचं म्हणजे तिला दर वेळी दाराला धरून दोन मिनिटं थांबावं लागे. ती बोलायची नाही. ‘मला नाही यायचं, तूच जा’ म्हणायची. ते ऐकवेना.

बाजारात काय होतं ते तेव्हा विकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा तपासनीस घरी आला. त्याच्या टॅबमध्ये ठरलेल्या चौकटी होत्या. स्प्रिंग मूळ नाहीत, वजा. टायरचा साइज मूळ नाही, वजा. रीमॅपसाठी चौकटच नव्हती, मी सांगितल्यावर तो गोंधळला आणि म्हणाला, ‘मॅडम, हे मी लिहिलं तर तुमचा भाव पडेल. नका सांगू.’ फाइल उघडून बघायला त्याला वेळ नव्हता. दोन डीलरांनी सांगितलं, ‘आधी स्टॉक करून आणा ताई, मग बोलू.’ मिस्त्रींनी एका दिवसात करून दिली असती आणि ती कुणाला कळलीही नसती. पण मग आधीच्या मालकाच्या आणि माझ्या त्या पानांचं काय करायचं? ती फाडल्याशिवाय गाडी स्टॉक म्हणून विकता येणार नव्हती.

मी जाहिरातीत सगळं लिहिलं. रीमॅप आहे, कुठे केला, किती ताकद मिळते, काय बदललं, काय दुरुस्त केलं, मूळ पार्ट सोबत मिळतील, डाव्या मागच्या दरवाजाला रंग दिलेला आहे. फोन कमी आले. जे आले त्यांतले बरेच ‘टॉप किती मारलाय?’ विचारणारे होते. त्यांना मी गाडी दाखवली नाही. एक जण मात्र मागितल्यापेक्षा जास्त द्यायला तयार होता, रोख, त्याच संध्याकाळी. अट एवढीच की आरसीवर त्याचं नाव लगेच चढवायचं नाही, टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या अर्जांवर, सह्या करून द्यायच्या, पुढे तो बघेल. असे व्यवहार रोज होतात आणि विकणारे शांत झोपतात, कारण त्यांना ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ हा खटला माहीत नसतो. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. अपघात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. वेगवान गाडी अनोळखी हातात आणि नाव माझं, हे मला कुठल्याही भावात परवडणारं नव्हतं.

गाडी शेवटी संगमनेरच्या बाप-लेकांनी घेतली. मुलगा विशीतला, नुकता नोकरीला लागलेला. वडिलांनी पांढरा शर्ट घातलेला, चष्मा लावून त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. चहा गार झाला तरी वाचत होते. मुलाचं लक्ष खिडकीतून गाडीकडे. मग वडिलांनी विचारलं, ‘ताई, गाडी पळवलीय का?’ मी म्हटलं, ‘हो काका, पळवलीय. इंजिन गरम झाल्याशिवाय कधी पळवली नाही आणि पळवून आणल्यावर लगेच बंद केली नाही.’ टर्बोला हे दोन्ही लागतं. ते मुलाकडे वळून म्हणाले, ‘ऐकलंस का?’

त्यांनी आपला मेकॅनिक आणला होता. मीच त्याला प्लग काढायला लावले, क्लचची परीक्षा करायला लावली. आधी मी चालवली, मग मुलाने. हात चांगला होता त्याचा, पण दीडशे पीएसच्या आसपासची हलकी गाडी त्याने कधी चालवली नव्हती आणि ते पहिल्या ओव्हरटेकला दिसलं. परत आल्यावर मी एक गोष्ट सुचवली. ताबा देण्याआधी ट्यूनरकडून मूळ सॉफ्टवेअर टाकून घेते. रीमॅपची फाइल त्याच्याकडे तुमच्या गाडीच्या नावाने राहील. काही महिने कंपनीच्या मॅपवर चालव, गाडी हाताला बसली की जाऊन परत टाकून घे, त्याचे पैसे लागणार नाहीत. मुलाचा चेहरा उतरला. वडील काही न बोलता त्याच्याकडे बघत राहिले आणि शेवटी तोच ‘चालेल’ म्हणाला. स्प्रिंगांबद्दल त्यांनीच ठरवलं, गोणीतल्या मूळ स्प्रिंग बसवून घ्यायच्या. घराच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांनी चर पाडलेत म्हणे. म्हणजे गाडी अखेर जवळजवळ स्टॉक होऊनच गेली. फक्त घेणाऱ्याला तिच्यात काय होतं, काय काढलं आणि का काढलं, हे सगळं माहीत होतं.

कागद मात्र मी हातचं काम समजून पूर्ण केले. पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं. विम्याची पॉलिसी नव्या मालकाच्या नावे करायचा अर्जही खरेदीपासून १४ दिवसांत. नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा असतो. त्याचं पत्र विमा कंपनीकडून घेऊन ठेवलं, तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. फास्टॅग बंद केला. आणि आरसीवर नवं नाव चढल्याचं ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहिलं तेव्हाच व्यवहार संपला असं मानलं.

तपासनिसाच्या टॅबने जो आकडा दिला होता त्यापेक्षा संगमनेरच्या काकांनी बरेच जास्त दिले. त्या रोखवाल्या माणसाने देऊ केले होते त्यापेक्षा कमी. डिकीत गोणी ठेवली, वर लोअरिंग स्प्रिंग ठेवल्या आणि फाइल काकांच्या हातात दिली. मुलाला एक कोरं पान काढून दाखवलं, इथून पुढे तू लिहायचंस.

सध्या मी टायगुन १.५ शोधते आहे, मॅन्युअल. तीही चाकणचीच, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, आणि बसायला उंच, आईला एका पावलात शिरता येईल अशी. कोल्हापूरच्या एका मालकाची जाहिरात बरी वाटली. फोनवर म्हणाला, ‘फक्त इंटेक केलाय ताई, बाकी कायबी नाही.’ बिलं आणि सर्व्हिसचे कागद पाठवायला सांगितले आहेत. आले की मिस्त्रींना घेऊन जाणार, सकाळी लवकर. गाडी चालू करून ठेवू नका म्हणून त्याला सांगून ठेवलं आहे.